घाटावरचें खोबरें

कोंकणांतील पाहुणे देशावर जेवावयास आले म्हणजे आमटीचा पहिला भुरका घेतांच एक प्रश्न हमखास विचारतात: "खोबरें भाजून घातलें आहे वाटतें? ओला नारळ मिळत नसेल इकडे!" विचारणाऱ्याच्या स्वरांत थोडी कींव असते, आणि घरची गृहिणीहि बहुधा ओशाळून "इकडे कुठला हो ओला नारळ!" असें म्हणून वेळ मारून नेते. मला आज त्या कींवेविषयीं आणि त्या ओशाळेपणाविषयीं बोलावयाचें आहे. कारण दोहोंच्या मुळाशीं एकच गैरसमज आहे. घाटावरचें सुकें खोबरें म्हणजे ओल्या नारळाची गरिबाघरची आवृत्ति, असा तो गैरसमज. इतर जिल्ह्यांचें राहूं द्या. पण अहमदनगर जिल्ह्यापुरतें, म्हणजे ज्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे त्या जिल्ह्यापुरतें, बोलावयाचें तर ही समजूत इतिहासाला धरून नाहीं. सुकें खोबरें हा तेथला एक स्वतंत्र जिन्नस आहे, त्याला स्वतंत्र व्यापार आहे, आणि त्या व्यापाराचा लेखी पुरावा निदान साडेचारशें वर्षांचा जुना आहे.

नगरचा इतिहास आपण पुष्कळ वाचला आहे. मलिक अहमदानें १४९० सालीं स्वतंत्र राज्य पुकारलें, १४९४ सालीं सीना नदीच्या कांठीं शहर वसविण्यास आरंभ केला, चांदबिबीनें किल्ला लढविला, १६०० सालीं मोंगलांनीं तो घेतला आणि १८०३ सालीं वेलस्लीनें घेतला. ही यादी शाळेंतल्या मुलालाहि पाठ असते. या साऱ्या धामधुमींत किल्ल्याच्या आंत आणि बाहेर चुली पेटतच होत्या आणि पाट्यावर कांहींतरी वाटलें जात होतें. तें काय होतें व कोठून येत होतें, याची चौकशी इतिहासकारांनीं फारशी केलेली नाहीं. तरवारींची नोंद दफ्तरांत सांपडते, पाट्यावरवंट्याची सांपडत नाहीं.

प्रथम जमीन पाहूं. माडाला बारा महिने उबारा लागतो, दमट हवा लागते, मुळांशीं खेळतें पाणी लागतें. नगर जिल्ह्यांत अकोल्याचा घाटमाथा सोडला तर पाऊस सरासरीनें ६०० मिलिमीटरांच्या आंतबाहेर. पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी हीं नांवें तर बहुधा अवर्षणाच्या बातम्यांतूनच आपल्या कानांवर येतात. थंडीच्या दिवसांत गारठा कडक आणि उन्हाळ्यांत हवा ठणठणीत कोरडी. अशा मुलखांत माड आपण होऊन उभा राहत नाहीं. आणि तरीहि तेथल्या घरांतील मसाल्याचा डबा उघडून पाहिला तर मिरची, धने, तीळ यांच्या शेजारीं खोबऱ्याची वाटी ठेवलेली असते. ज्या फळाचें झाड मुलखांत नाहीं तें रोजच्या तिखटमिठाच्या पंगतीला येऊन कसें बसलें, हा आपला आजचा प्रश्न.

माडाचें उत्पन्न घाट चढून वर येण्याची गोष्ट फार जुनी आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यामध्यें क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचे लेख कोरलेले आहेत. ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या पहिल्या चरणांतले. उषवदात हा मोठा दानशूर गृहस्थ. त्याच्या दानांच्या यादींत नाणंगोल नांवाच्या गांवचीं ३२,००० नारळीचीं झाडें आहेत, आणि दुसऱ्या एका लेखांत चिखलपद्र गांवचीं आणखी ८,००० आहेत. नाणंगोल म्हणजे समुद्रकांठचें नारगोळ असावें असें विद्वान् मानतात. ज्या परिषदांना हीं ३२,००० झाडें दिलीं त्यांत शूर्पारक, म्हणजे आपलें सोपारें, आहे. आणि गोवर्धनहि आहे. हें गोवर्धन नाशिकजवळचें. झाडें खाडीच्या कांठीं आणि त्यांचा धनी घाटमाथ्याच्या अलीकडे, अशी व्यवस्था एकोणीसशें वर्षांपूर्वीं दगडावर कोरून ठेवण्याइतकी पक्की झालेली होती. नगर आणि नाशिक यांच्यामध्यें तेव्हां जिल्ह्याची सीमा नव्हती, हें सांगावयास नकोच.

यानंतर तेरा-साडेतेरा शतकें मी एकदम ओलांडतों. वेळ थोडा आहे आणि मधला पुरावा तुटक आहे. इ. स. १४७० च्या सुमारास अफानासी निकितीन नांवाचा एक रशियन व्यापारी चौलच्या बंदरांत उतरला. त्याच्याजवळ विकावयास एक घोडा होता. चौलाहून पाली, पालीहून उमरी, आणि तेथून जुन्नर असा त्याचा मार्ग. या प्रवासाला त्याला तीन आठवड्यांहून अधिक दिवस लागले. जुन्नरास पावसाळ्यानें त्याला अडकवून ठेवलें, आणि तेथल्या खानानें तर त्याचा घोडाच अडकवून ठेवला! त्याच्या टिपणांत नारळाचा उल्लेख येतो तो दारूच्या संबंधानें. आपल्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे तो मार्ग. हाच जुन्नर पुढें वीस वर्षांनीं मलिक अहमदाच्या नव्या राज्याचें पहिलें ठाणें झाला, आणि चौल हें त्या राज्याचें बंदर झालें. आज नगर म्हटलें कीं आपल्या डोळ्यांसमोर माळरान उभें राहतें. पण निजामशाही नगरला समुद्र होता. घाटाखालचा उत्तर कोंकणचा मोठा पट्टा तिच्या अमलाखालीं होता, आणि १५२१ सालापासून त्याच चौलाच्या खाडीच्या तोंडाशीं निजामशहाच्याच परवानगीनें पोर्तुगीजांचा कोट उभा राहूं लागला होता. दोघांचे संबंध कधीं दोस्तीचे, कधीं दुष्मनीचे असत. १५७०-७१ सालीं तर मुर्तजा निजामशहानें त्या कोटाला कित्येक महिने वेढा घातला. पण भांडण असो वा सलोखा, माल चालू असे.

आतां ज्या माणसासाठीं मी आपणांस चौलास आणलें तो सांगतों. त्याचें नांव गार्सिया द ओर्ता. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला आणि अखेरपर्यंत या देशांतच राहिला. नगरचा बुऱ्हाण निजामशहा याचा तो वैद्य आणि स्नेही होता. त्याच्या दरबारीं त्याचा राबता असे, आणि घाटावरचा मुलूख त्यानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलेला होता. १५६३ सालीं त्यानें गोव्यास एक ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. हिंदुस्थानांतील औषधी व वनस्पति यांविषयीं दोन वैद्यांचे संवाद, असें त्याचें स्वरूप आहे. हिंदुस्थानांत छापलेल्या अगदीं पहिल्या पुस्तकांपैकीं तें एक होय. या सत्पुरुषाचें पुढें काय झालें तेंहि ऐकण्यासारखें आहे. तो १५६८ त वारला आणि बारा वर्षांनीं, गुप्तपणें यहुदी धर्म पाळीत होता या आरोपावरून, गोव्याच्या धर्मन्यायालयानें त्याचीं हाडें उकरून जाळलीं. ग्रंथ मात्र जळाला नाहीं.

त्या ग्रंथांत नारळावर एक संवाद आहे. माडाचा काथ्या, माडी, तेल यांची माहिती देतां देतां ओर्ता सांगतो कीं, हीं फळें वाळवितात, वाळलेल्या गराला कोप्रा म्हणतात, आणि हा कोप्रा होर्मूझला जातो व बालाघाटांत जातो. एवढीच नोंद. परंतु बालाघाट म्हणजे घाटाच्या वरचा प्रदेश, आणि ओर्त्याच्या ओळखीचा बालाघाट म्हणजे मुख्यतः त्याच्या मित्राचें, निजामशहाचें राज्य. म्हणजे ज्या काळीं नगरच्या किल्ल्याच्या दगडी तटाचें काम चाललें होतें, त्याच काळीं सुक्या खोबऱ्याचीं पोतीं घाट चढून वर येत होतीं. आणि तीं तुरळक येत नव्हतीं, इराणच्या आखातांतील जगप्रसिद्ध पेठेच्या जोडीनें नांव घ्यावें इतकीं येत होतीं. ओर्ता वैद्य होता, व्यापारहि जाणत होता, आणि दोन गिऱ्हाइकांचीं नांवें त्यानें उगीच घेतलेलीं नाहींत. आमच्या आमटीचा इतका जुना साक्षीदार गोव्याच्या छापखान्यांत सांपडावा, ही मला तरी मोठी मौजेची गोष्ट वाटते.

वरचा मुलूख नारळ न मागतां खोबरेंच कां मागत असे, याचें उत्तर बैलाच्या पाठीला विचारावें. सोललेला पण न फोडलेला नारळ अर्धा किलो किंवा त्याहून थोडा अधिक भरतो. त्यांत करवंटी आहे, पाणी आहे, आणि ओल्या गरांतहि जवळजवळ निम्में पाणीच आहे. तोच गर वाळला म्हणजे सुमारें दीडशें ग्रॅम उरतो. त्यांत पाणी शेंकडा सहाच्या आसपास, आणि तेल मात्र शेंकडा साठांच्या वर. जो बैल शंभर नारळ घेऊन घाट चढेल, तोच बैल तेवढ्याच ओझ्यांत साडेतीनशें नारळांचें खोबरें घेऊन चढतो, आणि वाटेंत फुटण्याची, नासण्याची भीति नाहीं. तीन-तीन आठवड्यांच्या वाटेवर हा हिशेब चुकविणारा व्यापारी फार दिवस टिकला नसता.

वाळविण्याच्या रीति दोन आहेत. एक वाटीची: पिकलेला नारळ फोडून दोन्ही वाट्या उन्हांत वाळवावयाच्या. दुसरी गोट्याची, आणि ती मोठी धिमी आहे. नारळ न फोडतां माळ्यावर रचून ठेवतात आणि आठ-आठ, बारा-बारा महिने तेथेंच राहूं देतात. आंतलें पाणी हळूहळू आटतें, गर करवंटी सोडतो, आणि नारळ हलविला असतां आंत गोटा खुळखुळ वाजतो. तो आवाज आला म्हणजे माल तयार. आतां एक गंमत पाहा. हें खोबरें ज्या किनाऱ्यावर तयार होतें तेथेंच पावसाळ्यांत सांभाळणें कठीण; दमट हवेनें त्यावर बुरशी चढते आणि तें खवट होतें. तेंच घाटावरच्या कोरड्या हवेंत आणून डब्यांत ठेवलें कीं महिनेच्या महिने जसेंच्या तसें. ज्या हवेनें नगरास माड दिला नाहीं त्याच हवेनें नगरास खोबऱ्याचें उत्तम कोठार दिलें.

होर्मूझचें नांव आलेंच आहे तर दोन शब्द त्याविषयीं. होर्मूझहून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येणारा मुख्य माल म्हणजे घोडे. आणि त्यांच्या जोडीनें आखाताच्या कांठचा खजूर व खारीक येत असे. जाणाऱ्या गलबतांत खोबरें, येणाऱ्या गलबतांत खारीक. आपल्याकडे बाळंतिणीसाठीं डिंकाचे लाडू करतात त्यांत हे दोन्ही जिन्नस एकत्र कुटले जातात. ओटी भरतांना तांदळाबरोबर किंवा गव्हाबरोबर खोबऱ्याची वाटी, खारीक, हळकुंड, सुपारी घालतात. या ओटींतील वस्तूंकडे व्यापाऱ्याच्या नजरेनें एकदां पाहा: यांतली एकहि नाशवंत नाहीं, सगळ्या दूरच्या वाटेनें आलेल्या आणि दूरच्या वाटेनें नेण्यासारख्या. आमच्या स्त्रियांनीं मंगलकार्यांत जपून ठेवली ती जुन्या बंदराच्या मालाची यादीच आहे, असें मला कित्येकदां वाटतें. हा माझा तर्क आहे. पण लाडवांतली खारीक व खोबरें यांची जोडी स्वयंपाकघरांत अचानक जुळली, असें मानणें मला तर्कापेक्षांहि अवघड जातें.

१६३६ सालीं निजामशाही संपली. शहाजहान आणि विजापूरचा आदिलशहा यांनीं तिचा मुलूख वांटून घेतला. नगर मोंगलांकडे गेलें आणि खालचें कोंकण विजापूरकडे. नगरचा समुद्र गेला तो कायमचा गेला. परंतु राज्याच्या सीमा बदलल्या म्हणून पाट्यावरची संवय बदलत नाहीं. लमाण-वंजाऱ्यांचे तांडे धान्य घेऊन घाट उतरत आणि मीठ घेऊन चढत. त्याच वाटांनीं किनाऱ्याचा बाकीचा मालहि वर येत राहिला. नाणेघाट, माळशेज यांच्या पायऱ्या कोणत्या बादशहाचा अंमल चालू आहे हें पाहून झिजलेल्या नाहींत.

एव्हांना कोणी श्रोता म्हणेल कीं, हें सगळें सोयीचें झालें. सोय म्हणजे मान नव्हे. तर त्यांनीं खंडोबाकडे पाहावें. पारनेर तालुक्यांत पिंपळगांव रोठा येथें कोरठण खंडोबाचें मोठें देवस्थान आहे. जेजुरी तर सर्वांस ठाऊक आहेच. या देवाची तळी भरतांना ताटांत भंडाऱ्याबरोबर सुक्या खोबऱ्याच्या वाट्या असतात, आणि येळकोटाच्या गजरांत जें उधळलें जातें तें भंडार-खोबरें. ओला नारळ देवापुढें फोडतात तो निराळा. देशावरच्या या सर्वांत जिव्हाळ्याच्या कुलदैवताला जें उधळून द्यावयाचें तें सुकें खोबरें. दुय्यम वस्तु देवावर कोणी उधळीत नाहीं. "खोबरें तिकडे चांगभलें" ही म्हण स्वार्थी माणसाला उद्देशून आहे खरी, परंतु खोबऱ्याची किंमत काय होती तेंहि ती बोलून जाते.

आतां चुलीकडे वळूं. कोंकणांतील पाककृतींत नारळाचें काम गोडवा आणि दाटपणा देण्याचें. त्याचें दूध काढावयाचें, तें फुटूं द्यावयाचें नाहीं, आंच मंद ठेवावयाची. घाटावरच्या खोबऱ्याचें काम सर्वस्वी वेगळें आहे. येथें विस्तव हाच पहिला मसाला. अख्खा कांदा आणि खोबऱ्याची वाटी निखाऱ्यावर ठेवतात. वाटी कडेनें काळी पडते, तिच्या अंगावर तेल चमकूं लागतें, आणि धुराचा एक वास तिच्यांत शिरतो. मग लसूण, आलें, धने, तीळ, मिरची यांच्याबरोबर तें पाट्यावर वाटावयाचें. हें वाटण कढईंत परतलें म्हणजे खोबऱ्यांतलें तेल सुटून वर येतें आणि रश्श्यावर जो लाल तवंग दिसतो त्यांत त्याचा मोठा वांटा असतो. मूठभर डाळींत आठ माणसें जेववावयाचीं असलीं तर पाण्याला अंग आणणारी दुसरी वस्तु या कोरड्या मुलखांत नव्हती. ओला नारळ हें काम करूं शकत नाहीं. तो निखाऱ्यावर ठेवला तर आधीं आंतलें पाणीच चरफडत बसतें.

या वाटणाचा सर्वांत देखणा संसार म्हणजे मासवडी. जुन्नर, संगमनेर, अकोलें, पारनेर या पट्ट्यांत पाहुणचाराचा हा मानाचा पदार्थ. बेसनाचें घट्ट पिठलें शिजवून ओल्या फडक्यावर थापावयाचें, त्यावर भाजलेलें सुकें खोबरें, तीळ, कांदा, लसूण, कोथिंबीर यांचें सारण पसरावयाचें, आणि फडक्याच्याच आधारानें दुमडून लांबट, दोन्हीं बाजूंनीं उतरत्या आकाराची वळकटी करावयाची. वड्या कापल्या कीं त्या माशाच्या तुकड्यांसारख्या दिसतात, म्हणून मासवडी. बाजरीची भाकरी आणि झणझणीत रस्सा सोबत असतो. पदार्थ पूर्ण शाकाहारी. समुद्र शंभर मैलांवर. आणि समुद्राकांठचें खोबरें पोटांत घेऊन ताटांत मासा होऊन बसलेला! ज्या कोणा सुगरणीनें हें नांव प्रथम ठेवलें तिची विनोदबुद्धि अव्वल दर्जाची असली पाहिजे.

गोड पदार्थांतहि हाच भेद. कोंकणांत गणपतीला उकडीचे मोदक, ओल्या नारळाचें सारण. देशावर तळलेले मोदक, सुक्या खोबऱ्याचें सारण. ओल्या नारळाची करंजी करावी आणि त्याच दिवशीं खावी हें बरें. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं तिचा भरंवसा नाहीं. सुकें खोबरें किसून, भाजून, खसखस व पिठीसाखर घालून केलेली करंजी दिवाळीनंतर पंधरा दिवस डब्यांत राहते. सासरीं गेलेल्या मुलीला पाठवितां येते, फौजेंत असलेल्या मुलाला पाठवितां येते. चवीनें कोण श्रेष्ठ या वादांत मी पडत नाहीं. मी स्वतः उकडीचे मोदक अधिक खातों, हें कबूल करून टाकतों.

परंतु खोबऱ्याच्या या कथेंत तुटवड्याचें प्रकरण आहे आणि तें गाळून चालणार नाहीं. ज्या वस्तूला शंभर मैलांचें भाडें पडतें ती मुबलक कधींच नसते. माझी आजी संगमनेर तालुक्यांतली. तिच्या डब्यांत एका वेळीं एकच वाटी असे, आणि तिच्या कडेवर सुरीच्या खुणा असत. घरच्यांच्या आमटीला एक बोट तुकडा, पाहुणा असला तर दोन बोटें, सणाला अर्धी वाटी. आम्हां पोरांपैकीं कोणी कडेचा तुकडा कुरतडला तर तिला डबा उघडल्याबरोबर कळे. एका अवर्षणाच्या सालीं मीं तिला वाटी तव्यावर नुसती भाजून, तिचें सुटलेलें तेल तव्यालाच पुसून, ती तशीच डब्यांत परत ठेवतांना पाहिलें आहे. मग त्या तव्यावर कांदा परतला. त्या दिवशीं आमटींत खोबरें नव्हतें. परंतु जेवणारांना तें सांगितलें नसतें तर समजलें नसतें.

ज्या जिल्ह्यानें १८७६-७८ चा दुष्काळ पाहिला, १८९९-१९०० चा पाहिला आणि १९७२ चाहि पाहिला, तेथें खोबऱ्याला पर्याय शोधले गेले असल्यास नवल नाहीं. कारळे, जवस, तीळ हे तर शेतांतलेच. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भुईमूग पसरला, आणि मूळचें अमेरिकेचें हें पीक बघतां बघतां घरचें होऊन बसलें. आज कित्येक घरांत रोजच्या भाजीला दाण्याचें कूट आणि सणाच्या रश्श्याला खोबरें, अशी वांटणी ठरलेली आहे. भुईमुगानें खोबऱ्याचें रोजचें काम हलकें केलें. त्याची जागा मात्र त्याला घेतां आली नाहीं.

खोबरें स्वस्त व नियमित मिळूं लागलें तें आगगाडीमुळें. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ त सुरू झाला, आणि नगरवरून जाणारा दौंड-मनमाड रस्ता १८७८ त. या रस्त्याच्या भरावाचें काम दुष्काळांत सांपडलेल्या लोकांनीं पोटासाठीं केलें, हें विसरतां येत नाहीं. त्यानंतर लमाणांचे तांडे मोडले, आणि कोंकणच्या खोबऱ्याबरोबर मलबारचें व म्हैसूर प्रांतांतील तिपटूरचें खोबरेंहि सुलभपणें येऊं लागलें. कोझिकोडच्या बाजारांत खाण्याच्या खोबऱ्याच्या एका प्रकाराला अजूनहि राजापुरी म्हणतात. माल केरळाचा, गिऱ्हाईक बरेचसें महाराष्ट्राचें, आणि नांव आपल्या रत्नागिरी जिल्ह्यांतल्या एका जुन्या बंदराचें!

भट्टींत भाजावयाच्या पदार्थांविषयींहि थोडें सांगितलें पाहिजे, कारण नगरची दिवाळी त्यांवांचून पुरी होत नाहीं. गोव्यांत पोर्तुगीजांच्या काळापासून पाव फुगविण्यासाठीं माडाची सुरा वापरीत. तेथें रवा आणि ओला नारळ यांचीं बोलीन्य नांवाचीं बिस्किटें नाताळांत घरोघर होतात. म्हणजे तिकडे माड पिठांत दोन वाटांनीं शिरला. घाटावर भट्टी आली ती बरीच उशिरां, आणि घरांत तर तिची नक्कलच करावी लागे: पातेल्यांत वाळू तापवावयाची, तींत ताटली ठेवावयाची, आणि झांकणावर निखारे. वरखालीं विस्तव मिळाला कीं नानकटाई फुलते. पुढें शहरांत बेकऱ्या झाल्यावर बायका रवा, तूप, साखर आणि किसलेलें खोबरें घरून घेऊन जात व पत्र्याच्या डब्यांत बिस्किटें भाजून आणीत. भट्टीपुढची ती रांग माझ्या डोळ्यांसमोर आहे. या कामांतहि सुक्या खोबऱ्याचा गुण उपयोगीं पडला. ओल्या नारळानें पीठ सैल होतें आणि बिस्किट मऊ पडतें. सुकें खोबरें पाणी न देतां तेल देतें, म्हणून तें खुसखुशीत राहतें. विलायती पाकपुस्तकांतील कृति ज्यावर चालतात तो यंत्रानें किसलेला कोरडा कीस लंकेच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तयार होऊं लागला. तो आज पुडींतून कोठेंहि मिळतो, आणि दिसावयास पांढरा शुभ्र असतो. आमच्या किसणीवरच्या खोबऱ्याला पाठीचा तपकिरी रंग असतो आणि वासहि अधिक असतो.

अलीकडे या जिल्ह्याचें रूप पुष्कळ पालटलें आहे. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि प्रवरेच्या कालव्यांनीं राहुरी, श्रीरामपूर भागांत उसाचे मळे उभे केले. त्या मळ्यांत, विहिरीच्या कडेला, आज कोठें कोठें दोनचार माडहि दिसतात आणि त्यांना नारळ लागतात. शिर्डीला रोज पोत्यांनीं नारळ येतात आणि प्रसाद म्हणून घरोघर पोहोंचतात. ओला नारळ मिळत नाहीं हें कारण आतां उरलेलें नाहीं. अशाच एका मळ्यांत मी गेल्या वर्षीं जेवलों. दाराशीं माड, माडाखालीं पडलेले नारळ, आणि ताटांत मासवडी. घरधनिणीला विचारलें, तर म्हणाली कीं, ते नारळ देवाला, पाहुण्यांना पाणी प्यावयाला आणि वड्यांना. वाटणाचें खोबरें मात्र ती दर आठवड्याच्या बाजारांतून आणते.